उष्ट्या मेणबत्त्या

सान मातिआस
२९ एप्रिल १९८७

लिबोरिओ,

‘दादा’ लिहिलेलं नाही ते मुद्दाम. घाईत राहून गेलं असं समजू नकोस. हे पत्र मी आधी कच्चं लिहिलं, खाडाखोड केली आणि आता स्वच्छ उतरवून काढतो आहे. एखादा शब्द लागला नाही, असं म्हणायची सोय मला तुला द्यायची नाही.

एकच विचारायचं आहे. शनिवारी आम्ही सगळे कोको दळायला गिरणीत गेलो होतो, तेव्हा तोमासा आत्याच्या खोलीतल्या मेणबत्त्या तू पेटवल्यास का?

उत्तर मला माहीत आहे. घरी तुझ्याशिवाय कोण होतं? ओब्दुलिया होती, पण तिला सकाळपासून मळमळत होतं, ती पडून होती. बाकी कुणी नाही. तरी तुझ्या हातचं उत्तर मला हवं आहे.

आत्याने उपासाचा सगळा महिना त्या मेणबत्त्यांवर घालवला. छपरावर मेण उन्हात पांढरं केलं, तुंब्याच्या वाटीने एकेका वातीवर थर चढवले, फुलं पाडली, पानं पाडली, किरमिजी रंगात बुडवली. तू तिच्या डोक्यावर उभा राहून प्रत्येक थराचे फोटो काढलेस. ‘आत्या, हात थोडा वर. आत्या, परत ओत.’ ती बिचारी परत ओतायची. गरम मेणाने तिचं मनगट भाजलं तेव्हाही तुझं यंत्र आधी खट् वाजलं आणि मग तू पाणी आणायला धावलास. तेव्हा मी हसलो होतो. आता ते हसू मला परत घ्यावंसं वाटतं.

तू राजधानीत इतकी वर्षं काढलीस की तुला आपली रीत सांगायला लागावी? बरं, सांगतो. मुलीला तिच्या मर्जीने घरी आणलं, मी ओब्दुलियाला आणलं तसं, तरी तिच्या बापाच्या घरी मेणबत्त्या नेऊन माफी मागेपर्यंत तिला माहेर नसतं. आई रस्त्यात भेटली तरी बोलत नाही. आणि त्या मेणबत्त्या कोऱ्या असाव्या लागतात. पहिली काडी मुलीचा बाप लावतो, त्याच्या देव्हाऱ्यासमोर. एकदा पेटून विझलेली मेणबत्ती उष्टी. ती कुठल्या तरी दुसऱ्या दारात, नाहीतर कुणाच्या तरी मयतापाशी जळून आलेली. ती कुणी कुणाला देत नाही.

रविवारी काय झालं ते तू पाहिलंस, तरी लिहितो, कारण तू ते यंत्राच्या भोकातून पाहिलंस. बोलायला नेमलेले एर्मिनिओ बाबा आपल्या बाजूने बोलले, किती सुंदर बोलले. ओब्दुलिया अंगणात गुडघ्यांवर, डोक्यावरून शाल. आईच्या शेजारी बापाच्या जागी तू उभं राहायचं ठरलं होतं. तू कोपऱ्यात स्टुलावर चढलेला. तिच्या बापाने, तिबुर्सिओ काकांनी, पहिली मेणबत्ती घेतली, वात सरळ करायला चिमटीत धरून ओढली. वरचं मेण सुटलं आणि बोटं काळी झाली. दुसरी घेतली. काळी. तिसरी घेतली नाही. त्यांनी ती बोटं वर करून सगळ्यांना दाखवली आणि विचारलं, “कुणाच्या मयतावरून आणल्यात?”

आणि तुझं यंत्र वाजलं. खट्.

आम्ही भर दुपारी त्या मेणबत्त्या घेऊन गावातून परत आलो. बायकांनी दारं लावून घेतली नाहीत, उलट उघडली. आणि तू संध्याकाळच्या बसने निघून गेलास, पुस्तकाची घाई होती म्हणे. ‘रोजच्या जगण्यातली कारागिरी.’ आमचं रोजचं जगणं कसं चाललं आहे ते आता येऊन बघ.

तू ये. तिबुर्सिओ काकांच्या अंगणात उभा राहा आणि गावच्या म्हाताऱ्यांसमोर सांग: मी पेटवल्या, फोटोसाठी. आणि तो फोटो बरोबर आण. बाकी काही नको.

इसाउरो


सान मातिआस
१३ मे

लिबोरिओ,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना चुरगाळलं, मग परत सरळ केलं.

‘हो, माझ्यामुळे झालं, मला माफ कर.’ इतकं वाचून मला वाटलं, चला, निदान माणूस आहे. पुढे काय? ‘आत्याला नव्या करायला सांग, खर्च मी देतो.’ तुझ्या खर्चाने त्या बापाची बोटं धुतली जाणार आहेत का? नव्या मेणबत्त्या घेऊन मी गेलो तर ते दार उघडतील असं तुला वाटतं? ते म्हणतील, मागच्या वेळी मढ्यावरच्या आणल्या, आता काय आणलं? आणि तुला जुलैपर्यंत येता येत नाही, कारण छपाई. छपाई झाल्यावर ये. तोवर मी ओब्दुलियाला सांगतो, थांब जरा, दादाच्या पुस्तकाची शाई वाळू दे.

मी तुझ्याकडे फोटो मागितला होता. पेटलेल्या मेणबत्त्या आत्याच्याच खोलीत आहेत, मागे तिचंच कपाट आहे, हे दाखवलं असतं तर मयताची गोष्ट तिथेच मिटली असती. तर तू लिहितोस, तो रोल खराब झाला, उजेड शिरला, त्यातलं एकही चित्र आलं नाही. म्हणजे आमची अब्रू घालवलीस ती घालवलीस, आणि त्यातून तुलाही काही मिळालं नाही. असा धंदा मी ऐकला नव्हता.

रविवारी त्लाकोलुलाच्या बाजारात क्रिसान्ता काकू समोरून आल्या. ओब्दुलियाच्या हातात टोपली होती, पोट आता कळतं. ती थांबली. ‘आई’ म्हणाली, इतक्या हळू की मलाच जेमतेम ऐकू आलं. काकू वळल्या आणि मिरचीवालीशी भावावरून भांडायला लागल्या. ज्या मिरच्या त्यांना घ्यायच्याही नव्हत्या, त्यांच्यासाठी. मिरचीवाली म्हणाली, “बाई, घ्यायच्या तर घ्या, नाहीतर माझ्या मिरच्यांवर रडू नका, खारट होतील.” मी ते ऐकलं. ओब्दुलियानेही ऐकलं. ती घरी येईपर्यंत बोलली नाही.

मूल सप्टेंबरात आहे. पहिलं मूल बाळंतिणीच्या आईच्या हातांनी न्हातं हे तुला तरी सांगायला नको, तुझ्या वेळी आपली आजी चालत आली होती म्हणतात. दार उघडलं नाही तर ओब्दुलियाला कुणी नाही. आपली आई आहे, पण तिचं म्हणणं तू ओळखतोस: “माझ्या हाताला गुण असता तर मला नवरा टिकला असता.”

तोमासा आत्याकडे आलेली दोन कामं परत गेली. ती वरवर हसते. “बरं झालं, पाठ दुखत होती.” काल तिने त्या उष्ट्या मेणबत्त्या एकेक करून तपासल्या, वाती उजेडात धरून. मग मला म्हणाली, “इसाउरो, हे वातीवर नव्याने मेण चढवलं आहे ना, हा सराईत हात आहे. एकही थेंब ओघळलेला नाही. लिबोरिओला पाणी गरम करता येत नाही, तो हे कुठून करणार?”

मी म्हणालो, “महिनाभर बघत होता, शिकला असेल.”

“बघून कुणी शिकत नाही,” आत्या म्हणाली. “तसं असतं तर आपलं मांजर कधीच विणकर झालं असतं.”

मी चिडलो. तिला म्हणालो, तू अजून त्याचीच बाजू घे, लहानपणापासून तेच करत आलीस. ती गप्प बसली. आजकाल मी बोललो की सगळे गप्प बसतात. ओब्दुलियाही. तुझं नाव काढलं की ती उठून जाते. परवा मी तुला शिव्या देत होतो, जोरात देत होतो हे खरं, तर ती म्हणाली, “पुरे आता.” मी म्हणालो, “तुझ्यासाठीच चाललं आहे ना हे सगळं?” आणि माझा पाय लोकर रंगवायच्या निळीच्या भांड्याला लागला. भिंतीवर छातीपर्यंत निळं झालं आहे. पाय मुद्दाम मारला नव्हता. तसा मी मारकुटा नाही हे तुला माहीत आहे, आपले बाबा होते तसा नाही. भांडं वाटेत होतं.

म्हाताऱ्यांची बैठक जूनमध्ये संत अंतोनिओच्या सणाला बसते. त्याआधी ये. नाही आलास तर मला भाऊ नव्हता असं मी सगळ्यांसमोर सांगेन.

इसाउरो


सान मातिआस
४ जून

लिबोरिओ,

तुझं पुस्तक काढणाऱ्या संस्थेने ज्यांचे ज्यांचे फोटो काढले त्यांना आभार म्हणून फोटोंची पाकिटं पाठवली आहेत. हे तुला माहीत नव्हतं, असं दिसतं. आत्यालाही एक आलं. आभाराच्या चिठ्ठीवर कुणा बाईची सही आहे आणि आत्याचं नाव चुकलं आहे.

मी सूत घेऊन गेलो तेव्हा आत्या काहीतरी मांडीखाली सरकवत होती. मी विचारलं, काय आहे? म्हणाली, “काही नाही, जाहिराती.” मी हात पुढे केला. ती म्हणाली, “आधी बस.” मी म्हणालो, उभ्यानेच बघतो. “बसल्याशिवाय देणार नाही. आणि त्या जळत्या चुलीपासून लांब बस.”

बसलो.

वरचे फोटो तिचे. हात, तुंब्याची वाटी, मेणाची धार. खोटं कशाला बोलू, चांगले आहेत. धार अशी दिसते की हात पुढे करावासा वाटतो. आणि सगळ्यात खाली तो होता, उजेड शिरून खराब झालेल्या रोलमधला.

सगळ्या मेणबत्त्या पेटलेल्या. मागे आत्याचं कपाट. मधे ओब्दुलिया, हातात काडी, काडी अजून जळते आहे. तिच्या तोंडावर त्या सगळ्या ज्योतींचा उजेड. आणि ती हसते आहे. नुसतं ओठांनी नाही, दात दिसतात, डोळे मिटत आले आहेत. लिबोरिओ, माझ्या घरात ती पाच महिने आहे आणि मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

आत्या म्हणाली, “बोल काहीतरी. माझी वाटी फोडायची असेल तर जुनी घे, नवी राहू दे.”

मी काही फोडलं नाही. फोटो घेतला आणि घरी आलो. वाटेत कुणी कुणी हाक मारली असेल.

ओब्दुलिया मक्याच्या तोर्तियांचं पीठ मळत होती. मी फोटो तिच्यासमोर ठेवला. तिने हात पुसले, बराच वेळ पुसत राहिली. मी विचारलं, त्याने लावायला सांगितल्या का? मला अजूनही ‘हो’च हवं होतं, हे लिहून ठेवतो.

“नाही,” ती म्हणाली. “ते म्हणाले, ज्योत नसली की ही नुसती फुलांची जुडी दिसते. एवढंच म्हणाले. काडी मी काढली.”

“का? तुला माहीत नव्हतं?”

“माहीत होतं. मला वाटलं, बाबांनी नाहीच लावल्या तर? त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. नाहीच म्हणाले तर या अशाच कोऱ्या राहतील. माझ्या नावाच्या मेणबत्त्या मला एकदा तरी पेटलेल्या बघायच्या होत्या. मग विझवल्या, वाती कापल्या, वर मेण चढवलं, आत्यांच्या हाताखाली चढवायचे तसंच. मला वाटलं कळणार नाही.” मग म्हणाली, “ते नको नको म्हणत होते. नंतर म्हणाले, लावल्याच आहेस तर हल नको.”

यावर मला हसू यायला हवं होतं. तू तसाच आहेस.

“आणि मला का नाही सांगितलंस? एवढे दिवस मी त्याला शिव्या देतो आहे, तू शेजारी बसून ऐकते आहेस.”

तिने फक्त भिंतीकडे पाहिलं. त्या निळ्याकडे.

मी बाहेर जाऊन मागावर बसलो. धोटा एकदाही टाकला नाही. नंतर तुझं मागचं पत्र काढून पुन्हा वाचलं. ‘माझ्यामुळे झालं.’ ‘मी पेटवल्या’ असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. तुला तिने सांगितलं असेल, याला कळू देऊ नका. आणि तू लगेच मान डोलावलीस. म्हणजे तुलाही वाटलं की कळलं तर मी तिचं काहीतरी करीन. तू, ज्याने मला खांद्यावर बसवून शाळेत नेलं. या गोष्टीचा मला इतका राग आला आहे की मागचा सगळा राग त्यापुढे खेळण्यातला वाटतो. आणि तो तुझ्या दारात नेऊन टाकता येत नाही. म्हणून जास्त येतो.

ओब्दुलिया म्हणते, संत अंतोनिओला ती स्वतः फोटो घेऊन बापाकडे जाणार. मी म्हणालो, कुणी कुठे जाणार नाही. ती म्हणाली, “मी विचारत नव्हते, इसाउरो.”

इसाउरो


सान मातिआस
२८ जून

लिबोरिओ दादा,

तू यायला निघाला आहेस असं आईला फोनवर म्हणालास. येऊ नकोस. निदान अजून नको. का ते लिहितो.

संत अंतोनिओला ओब्दुलिया गेली. मी मागे, तोमासा आत्या आणि एर्मिनिओ बाबा बरोबर. म्हातारे तिच्या बापाच्या ओट्यावर बसले होते. बोलायला एर्मिनिओ बाबांनी तोंड उघडलं, तर ओब्दुलिया पुढे झाली आणि तिने फोटो बापाच्या हातात दिला.

तिबुर्सिओ काकांनी तो लांब धरला, जवळ धरला, पुन्हा लांब धरला. क्रिसान्ता काकू आतून आल्या आणि त्यांनी तो नवऱ्याच्या हातातून सरळ ओढून घेतला. शालीच्या टोकाने पुसला, जसं काही त्यावर धूळ होती. पुसतच राहिल्या.

“काडी कुणी लावली?” काकांनी विचारलं.

“मी.”

“त्याने सांगितलं?”

“नाही. मलाच बघायच्या होत्या.”

कुणीतरी म्हातारा म्हणाला, “मग मयताच्या नाहीत.” काकांनी त्याच्याकडे पाहिलं. “ते मला दिसतंय, बाबा, मी आंधळा नाही.” मग तिला म्हणाले, “माझ्या मुलीने उष्टावल्या त्या माझ्याच घरच्या. त्याचं मला काही नाही.”

दादा, मला वाटलं संपलं. आत्याने सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांनी ऐकला.

पण काका थांबले नव्हते. “एप्रिलपासून तुझा नवरा गावभर भावाला शिव्या देत फिरतो आहे. मागच्या गल्लीपर्यंत ऐकू येतं. आणि तू गप्प. का?”

तिने शाल कपाळावर ओढली.

“ओब्दुलिया, तू याला घाबरतेस का?”

मी बोलणार होतो. एर्मिनिओ बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला. “तुला नाही विचारलेलं.”

“त्याने कधी हात उचलला नाही,” ती म्हणाली.

“मी ते विचारलं का?”

“घाबरते,” ती म्हणाली. “घरातली भांडीपण घाबरतात.”

आत्या हसली. तिला आवरलं नाही, नंतर तिने तोंडावर शाल घेतली. बाकी कुणी हसलं नाही. मी माझ्या पायांकडे बघत होतो. बाबा घरी आले की आपण दोघं मागाखाली जाऊन बसायचो, तेव्हा आईचे पाय दिसायचे तसेच मला ओब्दुलियाचे पाय दिसत होते, टाचा एकमेकींना चिकटवून उभी.

तिबुर्सिओ काका म्हणाले, “बाळंतपण इथे होईल. ती इथे राहील. तुला ती हवी असेल तर मागायला ये. मेणबत्त्या नकोत. एर्मिनिओ बाबांना आणू नकोस, आईला नको, भावाला तर नकोच. एकटा ये आणि तुझ्या तोंडाने माग.”

एर्मिनिओ बाबा म्हणाले, “तिबुर्सिओ, अशी रीत नाही.”

“कोऱ्या मेणबत्त्या पेटवायचीही रीत नाही,” काका म्हणाले.

तर तिला आई मिळाली. त्यासाठीच मी एवढा ओरडत होतो, नाही का? मिळाली.

दुसऱ्या दिवशी गेलो. फाटकात उभा राहिलो, तोंडातून शब्द येईना. आपल्याकडे हे बोलायला माणूस नेमतात ते उगीच नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं, लोकरीचा ढीग दाखवला, म्हणाले, “पिंजता येते ना?” मी पिंजायला बसलो. संध्याकाळी म्हणाले, “उद्या ये.” तेव्हापासून रोज जातो. माझं विणकाम तुंबलं आहे. काका समोर बसतात, फारसं बोलत नाहीत. एकदा विचारलं, “तुझा बाप कसा मेला?” मी सांगितलं. “आणि जिवंत कसा होता?” तेही सांगितलं. ते इतक्या तपशिलाने मी याआधी कुणालाच सांगितलं नव्हतं. मागाखालचंही सांगितलं, तुझ्या परवानगीशिवाय.

मी अंगणात आलो की आत माय-लेकींचं बोलणं बंद व्हायचं. रोज. स्वयंपाकघरात दोघी कशावरून तरी हुज्जत घालत असायच्या, माझं पाऊल वाजलं की चिडीचूप. ते ऐकून मला राग यायचा, आणि राग आला म्हणून लाज वाटायची, आणि मग मी लोकर जास्तच जोरात ओढायचो.

तुला मी अजून माफ केलेलं नाही. काकांच्या काळ्या बोटांचा फोटो पुस्तकात छापू नकोस, तो त्यांना परत पाठव. ओब्दुलियाचा काकूंनी ठेवून घेतला आहे, त्याची आणखी एक प्रत काढलीस तर मला कळव. कुणाला दाखवायची ते ती ठरवेल. आणि तिने तुला तेव्हा नेमकं काय सांगितलं होतं, कुठल्या शब्दांत, ते मला लिही. गोड करून लिहू नकोस.

मागितलं का, असं विचारशील. मागितलं. परवा. वाक्य धड झालं नाही, मधेच तुटलं. काका म्हणाले, “मला नको सांगूस, तिला सांग.” ती दारात उभी होती. मी पुन्हा पहिल्यापासून म्हणालो. तिने ऐकून घेतलं आणि आत गेली. ‘हो’ नाही, ‘नाही’ही नाही.

काल गेलो तेव्हा आत आवाज चालू होते, चुलीवरच्या कशात तरी मीठ जास्त झालं होतं. मी खाली बसलो, पिंजायला घेतलं. आवाज चालूच. मग ओब्दुलिया पोट सांभाळत बाहेर आली, माझ्यासमोरच्या ढिगातला एक पुंजका उचलला, उन्हात धरला, दोन्हीकडून पाहिला.

“ही पिंजलेली का?” ती म्हणाली. “यापेक्षा मेंढीवर बरी होती.”

आतून क्रिसान्ता काकू हसल्या. काकांनी मान खाली घातली. मी तो पुंजका तिच्या हातातून घेतला आणि पुन्हा पिंजायला बसलो.

इसाउरो